घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांची ताकद, किंमत आणि रंग यांची माहिती नेहमी येते आणि ती मी आवडीने वाचतो. मात्र अशी गाडी दारात आल्यानंतर तिला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे फारसे कोठे छापून येत नाही. शोरूममध्ये किल्ली आणि पेढ्यांचा पुडा हातात ठेवताना ते कोणी सांगत नाही, आणि गाडीबरोबर मिळणारे जाडजूड इंग्रजी पुस्तक विम्याच्या कागदांखालून सहसा वर येत नाही. गेली अडीच वर्षे मी अशी गाडी चालवतो आहे. त्या काळात मी स्वतः केलेल्या चुका आणि माझ्या भाच्याने हौसेने ओढवून घेतलेला खर्च या दोन्हींचा उपयोग इतरांना व्हावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले असेल तर कात्री जरूर चालवावी, पण तेलाविषयीचा भाग तेवढा ठेवावा ही विनंती.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका मशिन शॉपमध्ये मी ३१ वर्षे तपासणी विभागात काम केले. ओतकाम, घासकाम, मायक्रोमीटर आणि डायल गेज यांतच आयुष्य गेले. त्यामुळे यंत्र मला नवे नव्हते, पण टर्बो नवा होता. त्याआधी १९ वर्षे मी एकच साधी पेट्रोल गाडी चालवली. ती गाडी इतकी सोशिक होती, की तिने मला अनेक वाईट सवयी लावल्या. निवृत्तीनंतर कोल्हापूरहून तीन वर्षे वापरलेली, एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी घेतली. तिकडच्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला, इथला कर आणि नंबर बदलून घेणे यांत जो वेळ गेला, तो सीमाभागातील वाचकांना वेगळा सांगायला नको.

टर्बो म्हणजे एका बारीक दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन पंख्यांची चाके. एक चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या वाटेवर असते आणि त्या धुराच्या जोराने फिरते. दुसरे त्याच दांड्यावर असल्याने त्याच्याबरोबर फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येते, आणि म्हणून लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. जी ताकद पूर्वी दीड लिटरच्या इंजिनातून मिळत असे, ती आता एक लिटरमधून मिळते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची आणि तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. म्हणजे नवल यंत्राचे नाही, ते आपल्या दारात उशिरा आले इतकेच. तेही पूर्णपणे खरे नाही. ज्यांच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीची छोटी डिझेल गाडी आहे, त्यांच्यापैकी बहुतेक जण टर्बोच चालवत आले आहेत. फक्त ते त्यांना कोणी सांगितलेले नाही.

आता आकडे पाहावेत. लहान पेट्रोल गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल इंजिन जोरात ओढत असताना धुराचे तापमान ९०० अंशांच्या वर जाते. ज्यांनी फाउंड्रीत दिवस काढले आहेत, त्यांना त्या तापमानाला लोखंडाचा रंग कसा होतो ते डोळ्यांपुढे आणता येईल. या दांड्याला बॉल बेअरिंग सहसा नसते. तो बुशमध्ये तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो, आणि त्या थराची जाडी मिलिमीटरच्या शतांशात मोजायची असते. मी आयुष्यभर ज्या मापांसाठी कामगारांशी वाद घातला, त्या मापांवर हे यंत्र तप्त लाल अवस्थेत, दोन लाख फेऱ्यांनी, तेलाच्या भरवशावर चालते. हे नीट समजल्यावर माझी तेलाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

पण ती बदलण्याआधी मी चूक केली. गाडी आणून सहा महिने झाले होते, तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल थोडे कमी दिसले आणि घरात स्कूटरसाठी आणलेला २०डब्ल्यू-४० तेलाचा डबा होता. साध्या गाडीत मी वर्षानुवर्षे असेच केले होते. अर्धा लिटर ओतले आणि विसरून गेलो. पुढच्या महिन्यात पुस्तक उघडले, तेव्हा आपल्या गाडीला ५डब्ल्यू-३० प्रतीचे सिंथेटिक तेल लागते, आणि तेही ठरावीक मानकाचेच, हे कळले. सगळे तेल काढून फिल्टरसह नवे भरले. नुकसान काही दिसले नाही, पण जे दिसत नाही ते झाले नाही असे तपासणी विभागातला माणूस म्हणणार नाही.

तेलाच्या डब्यावरच्या अक्षरांचा अर्थ थोडक्यात असा: पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती लवकर वाहते ते सांगतो, आणि दुसरा आकडा तापल्यावर ते किती दाट राहते ते सांगतो. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी आपल्याकडे चांगलीच थंडी असते. तेव्हा दाट तेल टर्बोच्या बुशपर्यंत पोहोचायला जे काही क्षण जास्त घेते, तेवढे क्षण दांडा कोरडा फिरतो. याशिवाय टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी यंत्रणा एकत्र असलेल्या इंजिनांत एक वेगळाच धोका असतो. कमी फेऱ्यांवर जास्त भार दिला, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते आणि त्या धक्क्याने पिस्टनला तडा जाऊ शकतो. तेलातील काही रसायने हा धोका वाढवतात असे आढळल्यावर तेलाची मानकेच बदलली. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, ही मानके ठरवते. २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे मानक आले. म्हणून आपल्या इंजिनाला हे मानक सांगितले असेल, तर दुकानदाराने दिलेल्या डब्यावर ती अक्षरे आहेत की नाहीत, हे पाहून मगच पैसे द्यावेत. सुट्या तेलाचा मोह तर टर्बोच्या बाबतीत पूर्णपणे सोडावा.

या धोक्याशी आपली आणखी एक सवय जोडलेली आहे. मायलेजसाठी चौथ्या गिअरमध्ये ताशी तीसने गाडी रेटणे, हे आमच्या पिढीला चालकाचे कौशल्य वाटत आले. तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर मीही गिअर न बदलता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबत असे आणि गाडी गुरगुरत असे. साध्या इंजिनात त्याने फार बिघडत नव्हते. टर्बोत मात्र इंजिनाच्या मिनिटाला सुमारे दीड हजार फेऱ्यांच्या आसपास हवेचा दाब एकदम चढतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनावर सर्वांत अवघड भार येतो. एक गिअर खाली घेऊन मग वेग वाढवावा. चमचाभर पेट्रोल जास्त जाईल, पण पिस्टन वाचेल.

तेल किती दिवसांनी बदलावे याविषयी मतभेद आहेत. कंपन्या सहसा दहा हजार किंवा पंधरा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते असे सांगतात. माझी गाडी बहुतेक वेळा टिळकवाडीतून बाजारात आणि बाजारातून घरी, एवढीच फिरते. एवढ्या अंतरात पाण्याचा काटा मधोमध येतो, पण तेल पुरते तापत नाही. तेल तापायला आठ-दहा किलोमीटर तरी लागतात. न तापलेल्या इंजिनात पेट्रोलचा अंश तेलात उतरतो आणि तेल पातळ होते. एकदा पट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तेव्हा मला आधी आनंदच झाला होता की आपली गाडी तेल खात नाही! तेव्हापासून मी दर सहा हजार किलोमीटरला किंवा दर वर्षी, जे आधी येईल तेव्हा, तेल आणि फिल्टर दोन्ही बदलतो. माझ्या इंजिनाला साडेतीन-चार लिटर तेल लागते. नव्या टर्बोच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मथळा दिला आहे तिच्याकडे येतो. गोव्याहून चोर्ल्यामार्गे परतताना केरीनंतर चढ लागतो, आणि वळणावळणावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी खेचत वर यावे लागते. वर आल्यावर धुके आणि गारवा असतो, चहाची टपरी दिसते आणि आपण गाडी कडेला घेऊन तत्काळ किल्ली फिरवतो. आंबोलीलाही सावंतवाडीकडून चढून आल्यावर हेच होते. इंजिन बंद झाले की तेलाचा पंप बंद होतो. टर्बोचे कवच मात्र अजून धगधगत असते, आणि बुशमध्ये अडकलेले थोडेसे तेल तिथेच करपून त्याचा कोळसा होतो. असे एकदा झाल्याने काही होत नाही. पन्नास वेळा झाले की तो कोळसा तेल येण्याची बारीक वाट बुजवू लागतो. वंटमुरीचा घाट चढून येणारे जुने ट्रकचालक गाडी थांबवल्यावर बिडी पेटवून होईपर्यंत इंजिन चालू ठेवत, ते डिझेल फुकट होते म्हणून नव्हे. त्यांना उस्तादाने शिकवलेले असे. मोटारीच्या मालकाला उस्ताद नसतो, फक्त विक्रेता असतो.

मात्र याचाही अतिरेक होऊ नये. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवलेले असते, आणि इंजिन बंद झाल्यावरही छोटा विजेचा पंप ते पाणी काही वेळ फिरवत राहतो. गाडी बंद केल्यावर पुढून येणारा घरघर आवाज हा बहुधा त्याचा किंवा पंख्याचा असतो, तो बिघाड नव्हे. बाजारातून हळू येऊन घरासमोर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची काहीच गरज नसते. घाट चढल्यानंतर किंवा महामार्गावर वेगाने आल्यानंतर शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश यावे, आणि ते जमले नाही तर मिनिटभर इंजिन संथ चालू द्यावे, एवढे पुरते. इंजिन आपोआप उशिरा बंद करणारे टर्बो टायमर विकले जातात. मिनिटभराच्या संयमासाठी वायरिंग कापून घेणे मला पटत नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या पावसात, माझी गाडी अचानक ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर दाबला की पुढून शीळ घातल्यासारखा आवाज येई, धूर थोडा काळपट दिसे आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. कशीबशी बेळगावात आणली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून दाब कमी असल्याचा कोड निघाला, आणि त्यावरून टर्बो बदलावा लागेल असा अंदाजपत्रकासह निर्णय देण्यात आला. खर्चाचा आकडा पाहून मी गाडी तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका छोट्या गॅरेजमधल्या मुलाने बॉनेट उघडून इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या रबरी पाइपावर साबणाचे पाणी टाकले, इंजिनाचा वेग वाढवायला सांगितला आणि म्हणाला, "काका, टर्बो बरा हाय. हवा भाईर पडालीया." पाइपाची क्लॅम्प सैल होऊन पाइप बोटभर सरकला होता. नवी क्लॅम्प ८० रुपयांना आली.

हा प्रसंग सांगण्याचे कारण एवढेच की टर्बोने दाबलेली हवा इंजिनापर्यंत जाताना पाच-सहा जोडांतून जाते, आणि त्यांतला एक जोड सैल झाला तरी लक्षणे टर्बो गेल्यासारखीच दिसतात. ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याच्याकडे दिव्याचे कारण असते, बिघाडाचे निदान असतेच असे नाही. आधी पाइप आणि क्लॅम्प, मग दाब नियंत्रित करणारी झडप आणि तिची बारीक नळी, आणि सर्वांत शेवटी टर्बोचा दांडा हाताने हलवून त्याची ढिलाई पाहणे, असा क्रम असावा. निळा धूर येतो म्हणजे तेल जळते हे खरे. पण तेल टर्बोतून खाली परत जाण्याची नळी चोंदली किंवा इंजिनाचा श्वास कोंडला, तरीही टर्बोच्या कडेने तेल बाहेर पडते आणि चांगल्या टर्बोवर आळ येतो.

आणि समजा टर्बो खरोखरच गेला, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. तेल आणणारी नळी कोळशाने बुजली म्हणून जुना गेला असेल, तर तीच नळी नव्या टर्बोचाही घास घेईल. नळी बदलावी, इंटरकूलरमध्ये साचलेले तेल आणि धातूचे कण धुऊन काढावेत, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत हाताने तेल भरावे. जुना टर्बो दुरुस्त करून देणारेही आहेत. आमच्या उद्यमबागेत मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसे आहेत याचा मला अभिमान आहे, पण इथे केवळ माप जुळून भागत नाही. बुश बदलल्यानंतर फिरणारा भाग तोलाच्या यंत्रावर तोलून घ्यावाच लागतो. गुंजभर फरक राहिला तरी दोन लाख फेऱ्यांवर तो दांडा स्वतःचे घर स्वतःच खातो. तोल केल्याचा कागद मागावा आणि तो मिळत नसेल तर नवा घ्यावा.

आपल्या भागातील धुळीविषयी दोन शब्द. निपाणी, चिकोडी, अथणीकडे ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांमागून जाताना, किंवा खानापूरकडच्या लाल मातीच्या रस्त्यांवर, एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या निम्म्यातच भरतो. तो नुसता झटकून परत बसवू नये. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे डब्याचे झाकण नीट बसले आहे हे पाहावे. कडेने शिरलेला वाळूचा कण ॲल्युमिनियमच्या चाकावर बंदुकीच्या गोळीसारखा आदळतो.

आता बदलांविषयी. माझा भाचा निपाणीला असतो. त्याच्याकडे माझ्या गाडीसारखीच गाडी आहे आणि वय सत्तावीस आहे, त्यामुळे तिची ताकद त्याला अपुरी वाटणे स्वाभाविक होते. टर्बो गाडीत ताकद वाढवणे फसवे सोपे असते. साध्या इंजिनात त्यासाठी कॅमशाफ्ट, कार्बोरेटर, हेड असे बरेच काही बदलावे लागे आणि शेवटी पाच-सात घोडे वाढत. इथे एक केबल लावून इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलला, की दाब वाढतो आणि ताकद पंधरा ते तीस टक्क्यांनी वर जाते. त्याला रिमॅप किंवा स्टेज वन म्हणतात. भाच्याने दुसऱ्या शहरात जाऊन तो करून घेतला. पंधरा दिवस तो फोनवर दुसरे काही बोलत नव्हता.

मग तवंदी घाटात पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहिला. क्लच घसरत होता. कंपनीने क्लच, गिअरबॉक्स, पिस्टनचे दांडे हे सारे मूळ ताकदीच्या हिशेबाने, थोडी राखीव सोय ठेवून बनवलेले असतात; रिमॅपने ती राखीव सोय खर्ची पडते. भरीला वरच्या दाबाखाली ठिणगी विझू लागली आणि गाडी धक्के देऊ लागली. कारण स्पार्क प्लगची फट पूर्वीचीच होती आणि दाब वाढला की ती थोडी कमी करावी लागते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तिसरी अडचण पेट्रोलची. त्याला दिलेला प्रोग्रॅम जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेणाऱ्या, पेट्रोलसाठी लिहिलेला होता. तसे पेट्रोल कोल्हापुरात किंवा बेळगावात काही पंपांवर मिळते, पण अथणीच्या किंवा खानापूरच्या आतल्या रस्त्यावर टाकी संपत आली, तर ते कोठून आणणार? कमी ऑक्टेनवर मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकू लागते. ठोक ओळखणारा सेन्सर ठिणगी मागे घेऊन इंजिन वाचवतो खरा, पण मग विकत घेतलेली ताकदही त्याबरोबर मागे जाते.

शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून जाते. इथेनॉल ठोक चांगली सोसते, पण त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणून तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला जास्त इंधन फवारावे लागते. ज्या प्रोग्रॅमने इंजेक्टर आधीच मर्यादेजवळ नेला आहे, त्याला ही जादा मागणी पुरवता येत नाही, आणि भर वेगात मिश्रण विरळ झाले तर पिस्टन वितळतो. रिमॅप करणाऱ्याला हा प्रश्न विचारून पाहावा. तो उत्तरादाखल केवळ आलेख दाखवू लागला, तर केबल लावू देऊ नये.

भाच्याने दोन महिन्यांनी मूळ प्रोग्रॅम परत टाकून घेतला आणि नवा क्लच घातला. मी त्याला बोललो नाही. त्याच्या आईने ते काम पुरेसे केले होते.

मला बदल वर्ज्य नाहीत. पण त्यांचा क्रम उलटा धरला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीत मी सर्वांत आधी टायर बदलले, कारण मूळचे टायर पावसात घाटात घसरत. मग चांगले ब्रेक पॅड घातले आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे ठरवले. ते हवेतले पाणी शोषते आणि उतारावर तापले की त्यात वाफ होऊन पेडल खाली जाते. त्यानंतर सेवा-जोडणीच्या सॉकेटमध्ये लावायचे एक छोटे यंत्र आणले, ते मोबाइलवर हवेचा दाब, पाण्याचे आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान दाखवते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर असल्यामुळे इथली हवा गोव्यापेक्षा आठ टक्के विरळ असते. साध्या गाडीत तेवढी ताकद इथे आल्यावर कमी होत असे. टर्बो मात्र जास्त जोराने फिरून ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. पणजीहून निघाल्यापासून घाट चढेपर्यंत हे आकड्यांत पाहायला मिळाले, तेव्हा निवृत्तीनंतर प्रथमच डायल गेज हातात धरल्यासारखे वाटले. इंटरकूलरच्या पुढची जाळी चिखल आणि किडे काढून साफ ठेवणे हा तर फुकटचा बदल आहे.

तरुण मंडळींना आवाजाची हौस असते. ॲक्सिलरेटर सोडताच फुस्स करणारी झडप बसवून घेतात. ज्या इंजिनात आत येणारी हवा आधीच मोजलेली असते, तिथे ती हवा बाहेर सोडली की संगणकाचा हिशेब चुकतो आणि पेट्रोल जास्त पडते. डिझेल गाडीला तर त्या झडपेची गरजच नसते. तिथे ती केवळ शिट्टी आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलमधला काजळीचा फिल्टर काढून मोकळा पाइप घालणे मात्र शिट्टीइतके निरुपद्रवी नाही. तो गुन्हा आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हमी तर रिमॅप करताक्षणीच धोक्यात येते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला तर दाव्यात अडचण येते. भाच्याच्या रिमॅपच्या पावतीवर यातला एकही शब्द नव्हता.

मोटारीतला टर्बो मालकाच्या विसरभोळेपणाने मागे पडल्याचे उदाहरण जुने आहे. १९६२ साली अमेरिकेत आलेली ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो असलेल्या सर्वांत पहिल्या मोटारींपैकी एक. इंजिन ठोकू नये म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. ती रिकामी झाली की यंत्रणा दाब कमी करी आणि गाडी बिघडली अशी तक्रार येई. शेवटी अनेक गाड्यांतून टर्बोच काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्यात आला.

आपल्या दैनिकामार्फत माझ्या दोन विनंत्या आहेत. शोरूमचालकांनी टर्बो गाडी देताना तेलाची प्रत, ती बदलण्याची मुदत आणि इंजिन बंद करण्याची रीत, एवढे तरी एका पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये छापून किल्लीबरोबर द्यावे; बेळगावात दोन्ही भाषांतून ते छापायला दुपारभराचेही काम नाही. आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर नुसते "ऑइल" असे न लिहिता त्याची प्रत आणि मानक लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला आत काय आहे ते कळेल. माझ्या त्या ८० रुपयांच्या मुलाने हे लगेच मान्य केले. त्याने आता बिलबुकात स्वतःच्या अक्षरात तसा रकानाच आखला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तपासनीस
टिळकवाडी, बेळगाव